गाल भरेपर्यंत

मला एका जागी बसता येत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच हिला जन्माला घातली. ते खरंच आहे. पण मधली काही वर्षं ती भिंगरी पायातून निघून माझ्या डोक्यात जाऊन बसली होती, आणि त्याला कारण माझा उजवा गाल.

गाल कसला, खड्डाच. दहावीच्या आसपास माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू आतल्या आत झिजायला लागली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, नुसती बसत चालली होती. क्वचित कुणाला होणारा आजार आहे, काही वर्षांनी आपला आपण थांबतो, असं डॉक्टर म्हणाले. थांबला. पण थांबला तेव्हा डावीकडून मी एक बाई होते आणि उजवीकडून दुसरीच, आणि ती दुसरी पहिलीपेक्षा वीस वर्षांनी मोठी दिसायची.

लोकांना तोंड आवरत नाही. 'लकवा मारला का गं?' 'दाढा काढल्या का सगळ्या?' एका रिक्षावाल्याने तर अंबरनाथ स्टेशनवरून चिखलोलीला येईपर्यंत मशेरीचे तोटे समजावून सांगितले. मी आयुष्यात मशेरीला बोट लावलेलं नाही! उतरताना त्याला असं काही सुनावलं की बिचारा भाडं न घेताच निघून गेला. पण घरी येऊन मी पुन्हा आरशासमोर उभी. राग बाहेरच्यांवर काढायचा आणि रडायचं आरशात बघून, हा माझा नेम झाला होता.

मी उल्हासनगरात एका दुकानात काम करते. लग्नाचे शालू, लेहंगे, शेरवान्या भाड्याने देण्याचं दुकान. मालकीणबाई सिंधी, सगळे त्यांना भाभी म्हणतात. मनाने चांगली बाई, पण धंद्याला पक्की. पहिल्याच दिवशी तिने मला काउंटरच्या उजव्या टोकाला भिंतीकडे उभं केलं. 'बेटा, तू इधरही खड़ी रह, इधर से अच्छी लगती है.' वाईट हेतू नव्हता तिचा. तरी ते वाक्य मला अजून बोचतं, कारण नवऱ्या मुली ट्रायलला यायच्या, चारी बाजूंनी आरशात स्वतःला बघायच्या, आणि त्याच आरशात मागे उभी असलेली माझी उजवी बाजू मलाही दिसायची.

तर मी पैसे साठवले आणि उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. वयाने माझ्याहून लहानच असतील. त्यांनी समजावलं: पोटावरची थोडी चरबी बारीक नळीने ओढून घ्यायची, साफ करायची आणि सुईने गालात भरायची. चरबी आपलीच, म्हणून शरीर तिला परकं मानत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

'पोटातला काढून तोंडात? उलटाच कारभार. आम्ही तर बाई तोंडातून पोटात घालतो.'

मला हसू आलं आणि रागही आला. आईचं असंच आहे. आमचं गाव चिखलोलीच्या बाजूचं. भोवती आता बिल्डिंगा उठल्यात, खालच्या शेताच्या जागी टॉवरचं पार्किंग झालंय, पण आईच्या बोलण्यात अजून गाव जसंच्या तसं आहे. लग्नात धवले म्हणायला तिला बोलावतात. हळदीपासून लग्न लागेपर्यंत एकेका विधीला एकेक गाणं, सगळी तोंडपाठ. बाबा गेल्यावर त्या गाण्यांवरच तिने स्वतःला सावरलं. घरात आम्ही दोघीच.

पुढच्या खेपेला तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाल्या, 'एका जागी ढीगभर चरबी घालून चालत नाही. थेंब थेंब, वेगवेगळ्या थरांत, अंतर ठेवून घालायची. प्रत्येक थेंबाला आजूबाजूचं रक्त मिळालं तर तो जगतो. नाही मिळालं तर विरून जातो.'

'म्हणजे आवणी,' आई म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, भाताची रोपं लावतात ना, ती. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, 'हो, तसंच म्हणा. आणि लावलेली सगळी रोपं जगत नाहीत. थोडी चरबी जाणारच. काही महिन्यांनी जी उरेल ती मात्र तुमची कायमची.'

कायमची! हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. बाकीचं सगळं पुढे घडलं ते आईच्या आणि गावदेवीच्या बोलण्यातून.

ऑपरेशनच्या आधी आई देवळात गेली आणि बोलून आली. 'बोलणं' म्हणजे नवस. आमच्याकडे आई मुलांच्या वतीने सर्रास बोलून येते, मुलांना नंतर कळवलं जातं. मलाही नंतरच कळलं. 'माझी पोर मंगळवार-शुक्रवार जेवणार नाय, नवरात्र कडक धरील. गाल भरेपर्यंत.'

'अगं, मला विचारायचं तरी!'

'तुला काय विचारायचा? गाल तुझा नाय काय?'

आता मी काही देवभोळी नाही. दिवा लावते, हात जोडते, संपलं. पण खरं सांगते, मला तो उपवास आवडला. चरबी भरून झाल्यावर माणसाच्या हातात काही उरत नाही हो. झोपायचं पाठीवर, गालाला हात लावायचा नाही, बर्फ लावायचा नाही, चोळायचं नाही, आणि वाट बघायची. मला वाट बघता येत नाही. निदान उपाशी राहिलं की काहीतरी करतोय असं वाटतं. मंगळवारी पोटात कावळे ओरडायला लागले की मला वाटायचं, चला, गालाच्या खात्यात जमा होतंय.

पहिल्या आठवड्यात गाल टुम्म सुजला. मग सूज उतरली आणि खाली जो गाल निघाला तो बघून मी दुकानात काउंटरच्या मधोमध जाऊन उभी राहिले. भाभीने टाळी वाजवली. 'वाह! अब तो शोकेस में खड़ा करूँ तुझे!' मी दिवसभर पाय जमिनीला न लावता फिरत होते.

आणि मग तो गाल बसायला लागला.

आधी मला वाटलं, भास आहे. खिडकीपाशी उभं राहून रोज मोबाइलवर फोटो काढायचा, कालच्या फोटोशेजारी ठेवायचा, बोटांनी मोठा करायचा. बघ, इथे सावली पडली. काल नव्हती. का होती? ऊन वेगळं असेल. मग पडदा ओढून ट्यूबलाइटखाली पुन्हा फोटो. दुकानात ट्रायलरूमचा आरसा, स्टेशनच्या पुलाखाली मोटारसायकलींचे आरसे, एकदा तर समोर बसलेल्या बाईच्या गॉगलमध्ये. जीव नुसता टांगणीला लागलेला. जेवण जाईना. नेहमीच्या दिवशीही अर्धी भाकरी टाकून उठायची.

आईला दिसत होतंच. तिने तिच्या पद्धतीने निदान केलं.

'देवी रुसली. उपासाला तू साबुदाणा खातीस, बटाटा खातीस, वेफर खातीस. उपास हाय का जेवणावळ?'

म्हणून उपवास कडक झाला. मंगळवार-शुक्रवार नुसता काळा चहा. गाल आणखी बसला. मग आईने सोमवारही लावला. गाल बसतोय म्हणून उपवास वाढतोय, आणि उपवास वाढतोय तसा गाल बसतोय, हे आमच्या दोघींच्या डोक्यात येईना. दोघींना डोकी असून उपयोग काय? जळलं मेलं ते शहाणपण.

डॉक्टर प्रत्येक वेळी वजन करायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या.

'वजन उतरतंय. डाएट करताय का?'

'नाही हो!'

'जिम? धावणं? काही औषध?'

'छे!'

मी खोटं बोलत नव्हते. डाएट वेगळं, उपवास वेगळा. डाएट बारीक व्हायला करतात, काकडी-बिकडी खातात, फोटो टाकतात. उपवास देवाचा असतो. त्याचा वजनाशी काय संबंध? माझ्या स्वप्नातही आलं नाही की त्या मला हेच विचारताहेत.

एकदा तपासणी नेमकी मंगळवारी आली. डॉक्टरांसाठी चहा-बिस्किटं आली होती, त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, 'नको, मंगळवार आहे.'

'म्हणजे?'

'उपवास.'

'कधीपासून करता?'

मी सगळं सांगितलं. नवस, मंगळवार, शुक्रवार, सोमवार, काळा चहा. सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता. डॉक्टरांनी बिस्किट बशीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

'अहो ताई, मी गेले कित्येक महिने तुम्हाला विचारतेय, डाएट करता का!'

'डाएट नाहीच करत. उपवास करते.'

त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, 'गालात गेली तरी ती चरबी पोटाचीच आहे. तुम्ही उपाशी राहिलात की शरीर पोटावरची चरबी खातं ना? मग ते गालातलीही खातं. थोडी तशीही जाणार होती, सगळा दोष उपवासाचा नाही. पण जी टिकली असती तीही तुम्ही उपाशी ठेवलीत.'

देवीसाठी मी जे काही पोटात घातलं नाही, ते सगळं गालातून वजा झालं होतं.

'परत भरता येईल?'

त्यांनी माझ्या पोटावर चिमटी धरून बघितली. 'काढू कुठून? आधी वजन वाढवा. नुसतं वाढवू नका, काही महिने एकाच आकड्यावर धरून ठेवा. मग थोडी थोडी भरू. आणि भरल्यावरही वजन हलता कामा नये. हे टिकवायचं असेल तर नीट जेवणं हेच औषध आहे.'

रस्त्यावर आले आणि गाडीवर उभी राहून दाल-पकवान खाल्लं. मंगळवारी! डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

घरी आल्यावर जे भांडण झालं ते शेजारच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. मी म्हटलं, उपवास बंद. आई म्हणाली, बोललेलं परत घेता येत नाही. मी म्हटलं, देवीला काय डॉक्टरांएवढी अक्कल नाही का? आईने दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, माझ्याऐवजी. 'तिला असा बोलू नको गो! कोप होतो.' मी म्हटलं, अजून काय कोपायचं राहिलंय, अर्धं तोंड तर खाऊन झालं! आईचा चेहरा पडला तो मला दिसला, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसून जेवले.

त्या शुक्रवारी आई ओटीचं सामान घेऊन एकटीच देवळात गेली. दुपारी परत आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, 'सोडलं तुला देवीने. जेव आता.'

मी विचारलं नाही की कसं सोडलं. मला काय, सुटल्याशी मतलब. मी आनंदाने तिला मिठीच मारली.

आणि मग आईने मला खाऊ घालायला सुरुवात केली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची भाजी, जवळ्याची चटणी, नदीवरून कुणी आणलेली मासळी. मी ताटावरून उठेपर्यंत समोर बसून राहायची. 'तू?' विचारलं की 'माझा मघाशीच झाला.' जगातल्या सगळ्या आया हे वाक्य म्हणतात, त्यामुळे ते कुणी ऐकतच नाही. मीही ऐकलं नाही. माझं लक्ष वजनकाट्यावर होतं.

वजन वाढलं, टिकलं. दुसऱ्यांदा चरबी भरली, आधीपेक्षा कमी आणि सावकाश. मी पाठीवर झोपले, दोन्ही बाजूंना उशा लावून. घरातून बाहेर पडताना ओढणीचा पदर असा धरायचे की कुणाचा कोपरसुद्धा गालाला लागू नये. डॉक्टरांनी तेवढी काळजी सुरुवातीचे काही आठवडेच घ्यायला सांगितली होती. मी काही महिने घेतली. माझा विश्वासच उडाला होता.

रोज सकाळी खिडकीपाशी माझा फोटो काढून झाला की आई चहाचा कप हातात देऊन विचारायची, 'भरला का गो?'

'अजून नाही.'

'थोडा?'

'थोडा कमी आहे. इथे बघ, डोळ्याच्या खाली.'

ती बघायची. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. एकदा मी चिडून म्हटलं, 'सारखं काय विचारतेस? स्थळ आलंय का एखादं?' ती म्हणाली, 'नाय. सहज.'

आणि गाल खरं तर टिकला होता. पहिला महिना, दुसरा, तिसरा, सावली वाढली नाही. भाभीने पाहिलं, गिऱ्हाइकांनी पाहिलं, रिक्षावाले गप्प बसायला लागले. पण माझं मन काही शांत होईना. डाव्या गालाइतका तो नव्हता. मान थोडी कलती केली, वरून उजेड आला, की एक उथळ खळगा उरायचा. बाकी कुणाला दिसत नसेल, मला दिसायचा. एवढं झालंय तर तेवढंही का नको?

डॉक्टरांनी तपासलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. 'छान टिकलंय. मी तर इथेच थांबेन. पण तुम्हाला हवंच असेल तर आणखी एक छोटी सिटिंग करू.'

हवंच होतं! मी तिथल्या तिथे तारीख ठरवली. घरी येऊन आईला म्हटलं, 'अजून एकदा भरायचाय. मग बघ कसा दिसतो. अजून चारपाच महिने धर.'

आई ओट्याला टेकून उभी होती. 'अजून चारपाच म्हयने,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'बरं,' आणि माझ्यासाठी भाकरी थापायला घेतली.

मांजर्लीला मावशीच्या मुलीची हळद होती. ही माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा, मांडव भरून माणसं, आणि हळदीने भरलेले हात कुणाच्याही गालावर येतात. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, येईल त्याला 'लांबून, लांबून!' करत. मावशी ओरडली, 'अगो, नवरी तू नायस, जरा मिसळ की लोकांत!' सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

आई मांडवात मधे बसून धवले म्हणत होती. ती एक ओळ म्हणणार, बाकीच्या बायका उचलणार. ओळ अर्धी झाली आणि थांबली. बायका वाट बघत राहिल्या. मला वाटलं, शब्द विसरली. पण आई शब्द विसरत नाही. मी मान वर केली तेव्हा ती मांडवाच्या खांबाला टेकून हळूहळू खाली सरकत होती.

खुर्च्या ढकलत मी धावले. अंगाला घाम, हात गार. आईला शुगरची गोळी चालू आहे. कुणीतरी सरबत आणलं, मी तिच्या ओठाला पेला लावला, तर तिने तोंड फिरवलं.

'आज मंगळवार हाय,' आई पुटपुटली.

मला काही कळेना. मावशीला मात्र कळलं. ती रडत माझ्यावरच धावून आली.

'पी सांग तिला! तुझंच ऐकंल. तुझा उपास अंगावर घेऊन बसलीय ही. रोज एक टाईम जेवते, मंगळवार-शुक्रवार ते पण नाय. मला शपथ घातली का पोरीला सांगू नको. घातली तर घातली, मरतेय काय आता बाई!'

'देवीने सोडलं म्हणालीस ना?' मी आईला विचारलं.

'तुला सोडलं,' आई म्हणाली. 'मी बोलली, पोरीचा माझ्यावर घे. पोर सोता बोलंल गाल भरला, तवा मी जेवीन.'

सरबत तिने प्यायलं, कारण मी तिचं तोंड धरून पाजलं. शेजारच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं, साखर खूप उतरली होती, जीवावरचं टळलं. मी तिच्या उशाशी बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. 'अजून नाही.' रोज सकाळी, चहाचा कप हातात घेऊन, ओठ वाकडे करून मी ते म्हणत होते. मी 'अजून नाही' म्हणायचे आणि ती आत जाऊन उपाशी राहायची. मला तिचा राग आला, असा आला की मांडव पेटवून द्यावा. स्वतःचा त्याहून जास्त आला. इतके आरसे बघितले मी, पण माझ्या आईच्या पोलक्याच्या बाह्या केव्हा ढिल्या झाल्या ते मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला रिक्षात घालून मी थेट गावदेवीच्या देवळात नेलं. पुजारी नुकताच झाडून गेला होता. आई पायरीवर बसली, मी देवीसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, 'भरला.'

'खोटा नको बोलू गो,' आई मागून म्हणाली. 'तारीख घेतलीस ना परवा? भरला तर तारीख कनाला?'

आईला फसवणं सोपं नाही. मी पर्समधून फोन काढला आणि तिथेच, देवीसमोर, चपला काढून उभी असताना हॉस्पिटलला लावला. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, माझी तारीख रद्द करा. ती म्हणाली, पुढची देऊ का? मी म्हटलं, नको. कुठलीच नको. झालं माझं.

मी फोन ठेवला. आई उठून उभी राहिली.

'असा कनाला केलंस? किती आस होती तुला.'

'होती. आहे अजून,' मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. 'पण एवढाच माझा गाल, आई. एवढा भरला म्हणजे भरला. अजून भरायचा राहिला असं मी पुन्हा तोंडातून काढलं तर मला सांग.'

आईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. आधी समोरून, मग उजवीकडे येऊन, अगदी जवळून. डोळ्याखालचा तो खळगा तिला दिसला असणारच, रोज मीच तो बोट ठेवून दाखवत आले होते. मग देवीकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, 'ऐकलंस ना? पोर बोलली. भरला.'

देवळाच्या बाहेर नाक्यावर वडापावची गाडी लागते. तेल नुकतंच तापलं होतं. मी तिला बाकड्यावर बसवलं आणि कागदात बांधलेला वडापाव तिच्या हातात दिला. तिने फुंकर मारायचीही वाट बघितली नाही. तोंड भाजत होतं तरी ती खात होती, दोन्ही हातांनी धरून, खाली बघत, कुणाशी न बोलता. किती भूक लागली होती माझ्या आईला! इतके महिने ती माझ्या तोंडातून एक शब्द निघायची वाट बघत होती, आणि तो शब्द मी आरशासाठी राखून ठेवला होता.

संपल्यावर तिने कागद नीट दुमडला. गाडीवाल्याने विचारलं, 'अजून एक देऊ, आत्या?' आई संकोचून माझ्याकडे बघायला लागली.

'दे,' मी म्हटलं. 'गरम दे.'